पार्सलने मागवलेली उबवणीची अंडी : २४ पैकी ५. चूक कुणाची?

कृष्णाकाठ | २८ एप्रिल, २१:४०

मंडळी, नमस्कार. वाचतोय बरीच वर्षं, धागा पहिल्यांदाच काढतोय.

वाईजवळ गाव. घरामागे बारा-पंधरा गावरान कोंबड्या आहेत, आईच्या हातच्या. गेल्या दिवाळीपासून कडकनाथचं वेड डोक्यात शिरलं. पिल्लं आणावीत तर वाटेत मरतात असं ऐकलं, म्हणून अंडी मागवायची ठरवली. मध्य प्रदेशातल्या एका पाळणाऱ्याशी फोनवर बोलणं झालं. माणूस सरळ वाटला, कोंबड्यांचे व्हिडिओ पाठवले. ४५ रुपयांना एक अंडं, २४ अंडी, वर २ फुकट. पार्सलचे २५० वेगळे. खासगी ट्रॅव्हल्सने इंदूरहून पुण्यात, पुण्याहून माझा मेहुणा मोटरसायकलवर घेऊन आला. एकूण तीन दिवस. खोक्यात लाकडाचा भुसा, प्रत्येक अंडं पेपरात गुंडाळलेलं. दोन फुटलेली निघाली, म्हणजे फुकटची दोन गेली आणि हिशेब चोख २४ वर आला.

त्याच संध्याकाळी मशीनमध्ये लावली (ऑनलाइन घेतलेलं ५६ अंड्यांचं, आपोआप फिरवणारं). डिस्प्लेवर कायम ३७.७. आठव्या दिवशी बॅटरी लावून पाहिलं तर निम्म्याहून जास्त अंड्यांत काहीच नाही, नुसता पिवळा उजेड. १९ व्या दिवशी रात्री पहिलं पिल्लू फुटलं, २० व्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाच झाली. एकाचे पाय फाकलेले होते, ते दुसऱ्या दिवशी गेलं. उरलेली अंडी २३ व्या दिवशी उकिरड्यात पुरली.

विकणारा म्हणतो, अंडी पक्की होती, तुमचं मशीन बघा. मेहुणा म्हणतो, दाजी, तुम्हाला खायची अंडी पाठवली. बायको काय म्हणते ते इथे लिहीत नाही.

पार्सलने आलेल्या अंड्यांतून किती पिल्लं निघाली तर ठीक म्हणायचं? आणि पुन्हा मागवू का?

खुडूक | २८ एप्रिल, २१:५२

पाच निघाली? पेढे वाटा! मी गेल्या मे महिन्यात ३० मागवली होती. शून्य. हल्ली त्या मशीनमध्ये इडलीचं पीठ आंबवते. ते मात्र फसफसून फुगतं.

माणदेशी | २८ एप्रिल, २२:१५

एप्रिलात अंडी मागवणाऱ्याला काय बोलावं!

माझी गोष्ट ऐका. दोन वर्षांपूर्वी असीलची (झुंजीच्या कोंबड्यांची जात) १२ अंडी मागवली, नागपूरकडून. ट्रॅव्हल्सवाल्याला मीच फोन करून सांगितलं, दादा, अंडी आहेत, खाली डिकीत टाकू नका, जवळ ठेवा. त्याने बिचाऱ्याने जवळच ठेवली. म्हणजे इंजिनच्या झाकणावर. सकाळी खोकं हातात घेतलं तर तळाला चटका बसत होता. एक अंडं फोडून बघितलं, पांढरं कडेकडेने घट्ट झालेलं. असीलची उकडलेली अंडी मी ६० रुपयांना एक या भावाने खाल्ली आहेत.

तेव्हापासून खोक्यावर मोठ्या मार्करने लिहून घेतो: इंजिनपासून लांब.

गुरांचा_डॉक्टर | २८ एप्रिल, २३:०५

कृष्णाकाठ, निवृत्त पशुवैद्य आहे, म्हणून आधी प्रश्न विचारतो, निदान मागून.

१. न फुटलेली १९ अंडी पुरण्याआधी फोडून पाहिलीत का?
२. पार्सल आल्यावर अंडी किती वेळ स्थिर ठेवली?
३. पहिलं पिल्लू १९ व्या दिवशी आलं हे नक्की?

आता थोडं कारण सांगतो. अंडं कोंबडीतून बाहेर पडतं तेव्हा त्यातला जीव साधारण एक दिवसाचा असतो. त्यानंतर तो गारव्यात झोपतो. २० अंशांच्या आसपास वाढ थांबते, म्हणून हॅचरीत उबवणीची अंडी १५ ते १८ अंशांवर ठेवतात. खोलीचं तापमान तिशीत गेलं की तो धड झोपतही नाही, धड वाढतही नाही. अर्धवट जाग्या अवस्थेत दोन दिवस काढले की मरतो. बॅटरी लावून पाहिलं तर अशी अंडी कोरीच दिसतात आणि आपण म्हणतो, फोल निघाली, नराचा पाय लागला नाही. एप्रिलात इंदूर ते पुणे म्हणजे त्या अंड्यांनी काय सोसलं असेल विचार करा.

कृष्णाकाठ | २८ एप्रिल, २३:३१

डॉक्टर, फोडली नाहीत. वास येईल म्हणून तशीच पुरली. मेहुणा संध्याकाळी सहाला आला आणि सात वाजता अंडी मशीनमध्ये. १९ वा दिवस नक्की, कॅलेंडरवर बायकोने लिहून ठेवलंय. लवकर आली म्हणजे जोमदार असावीत असं वाटलं.

गुरांचा_डॉक्टर | २८ एप्रिल, २३:४४

कोंबडीचे २१ दिवस असतात. १९ व्याला पिल्लू आलं तर ते जोमदार नसतं, भाजलेलं असतं. पाय फाकलेले असणं त्याच जातीचं. मशीनचा आकडा खोटा असावा. घरात ताप बघायचा थर्मामीटर असेल ना? तो अंड्यांच्या उंचीवर ठेवून दहा मिनिटांनी बघा. पंखा असलेल्या मशीनमध्ये ९९.५ ते १०० फॅरेनहाइट यायला हवं.

कृष्णाकाठ | २८ एप्रिल, २३:५०

मशीन नवीन आहे डॉक्टर. साडेपाच हजारांचं. ३७.७ म्हणजे ३७.७.

खुडूक | २८ एप्रिल, २३:५८

माझंही नवीन होतं हो.

लाल_तुरा | २९ एप्रिल, ०६:२०

मी विकणारा आहे. (यांना विकली तो नाही! सोलापूरकडचा, असील आणि थोडे कडकनाथ.) आता सगळे मिळून विकणाऱ्याला धुवायच्या आत आमची बाजू ऐका.

४५ रुपये ऐकून लोकांना वाटतं लूट. कडकनाथ आठवड्याला जेमतेम दोन-तीन अंडी घालते आणि मध्येच बंद पडते. आठ कोंबड्यांमागे एक नर वेगळ्या जाळीत ठेवावा लागतो. दुसऱ्या जातीचा नर चुकून शिरला तर त्याला हाकलूनही पुढचे दोन-तीन आठवडे अंडी विकता येत नाहीत, कारण कोंबडीच्या पोटात त्याचं बी तेवढे दिवस टिकतं. ती सगळी अंडी ऑम्लेटला. याचा हिशेब कोण करणार?

आणि गिऱ्हाईक कसं असतं? अंडी घरी पोचली की दोन दिवस फ्रीजवर ठेवतो, मग मशीन ऑर्डर करतो, मशीन यायला आठवडा. एकाने तर धुऊन घेतली होती, साबण लावून. म्हणे घाण होती. अंड्यावरची ती बारीक साय गेली की त्याच्या छिद्रांतून सगळं आत जातं. महिन्याने फोन येतो, तुमची अंडी खोटी.

माझा नियम असा : सात दिवसांच्या आतलीच अंडी पाठवतो, मार्च ते जून पार्सल बंद, किती पिल्लं निघतील याची हमी नाही. पण आठव्या दिवशी कोरी दिसणारी अंडी फोडून फोटो पाठवा. बलकावरचा ठिपका नुसता बारीक आणि घट्ट पांढरा असेल तर नर लागला नाही, तेवढी अंडी मी परत देतो. ठिपक्याभोवती कडं असेल किंवा रक्ताची गोल रेघ असेल तर माझं अंडं जिवंत होतं, वाटेत नाहीतर तुमच्याकडे मेलं.

आंबोळी | २९ एप्रिल, ०९:१०

लाल_तुरा, साबण 😂 आमच्याकडे शेजारच्या वहिनींनी अंडी पुसून हळद लावली होती, ती आठवली.

पण एक विचारू? ही मशीनं येण्याआधी अंडी फिरत नव्हती का? माझी आजी देवगडची. आत्याचं लग्न कणकवलीकडे झालं तेव्हा आजीने तिच्याबरोबर चांगल्या तलंगीची ११ अंडी दिली होती. पाटीत भाताचा तूस, त्यात निमुळतं टोक खाली करून उभी अंडी, वर परत तूस, वर फडका. पाटी आत्याने एसटीत मांडीवर घेतली, खाली ठेवली नाही. सासरी पोचल्यावर एक रात्र तशीच कोपऱ्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी खुडूक कोंबडीखाली. नऊ फुटली. आजी विषम आकड्यातच बसवायची, शिवाय पाटीत एक कोळसा आणि एक सुकी मिरची टाकायची, गडगडलं तर अंडी नासू नयेत म्हणून. कोळशाचं मला माहीत नाही, पण टोक खाली आणि एक रात्र आराम हे तिला कुणी सांगितलं असेल?

गुरांचा_डॉक्टर | २९ एप्रिल, १०:३०

आंबोळी, तुमच्या आजीला साष्टांग.

अंड्याच्या बोथट टोकाला हवेची एक पिशवी असते. पिल्लू शेवटच्या दिवशी त्याच पिशवीत चोच घालून पहिला श्वास घेतं. गाडीच्या हादऱ्यांनी ही पिशवी जागची सुटते. बॅटरी लावून अंडं हळूच कलंडवलं तर ती पाण्याच्या बुडबुड्यासारखी इकडून तिकडे पळताना दिसते, किंवा एका बाजूला खोगिरासारखी उतरलेली असते. निमुळतं टोक खाली करून बारा ते चोवीस तास स्थिर ठेवलं तर बऱ्याच अंड्यांत ती जागेवर बसते. सुटलेली असेल तर मशीनमध्येही आडवी लोळवायची नाहीत, उभीच ठेवायची. पहिले काही दिवस फिरवणं बंद, नंतर उभ्यानेच थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला कलतं करायचं. आपोआप फिरवणाऱ्या रोलरवर सुटलेली पिशवी सुटलेलीच राहते.

कृष्णाकाठ यांनी मोटरसायकलवरून उतरवून तासाभरात रोलरवर टाकली. वाई-पुणे रस्त्याबद्दल मी काही बोलत नाही.

कोळसा-मिरचीबद्दल एवढंच सांगतो, नुकसान नाही.

वडाची_पारंबी | २९ एप्रिल, ११:०२

लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते म्हणतात, हे खरं का? म्हणजे गोल गोलच मागवता येतील.

माणदेशी | २९ एप्रिल, ११:०९

खरं असतं तर लाल_तुऱ्याने गोल अंडी ९० ला विकली असती.

लाल_तुरा | २९ एप्रिल, ११:१५

आणि लांबट फुकट 🙏

हडसनकाठ | २९ एप्रिल, १९:४८

न्यूजर्सीत राहतो, मागच्या अंगणात सहा कोंबड्या (गावाने तेवढ्याचीच परवानगी दिली आहे, नर ठेवायचा नाही). इथे उबवणीची अंडी पोस्टाने सर्रास येतात आणि निम्मी फुटली तर लोक खूश असतात. "पार्सलची अंडी, पन्नास टक्के" हे इथलं पाठच झालेलं वाक्य. नर ठेवता येत नाही म्हणून माझ्यासारख्यांना अंडी बाहेरूनच मागवावी लागतात. मी तीनदा मागवली : १२ पैकी ७, १२ पैकी २, १० पैकी ६. दोन वाली जानेवारीत आली होती, गोठून तडकलेली. तुमच्याकडे भाजतात, आमच्याकडे गोठतात.

पण गंमत पुढेच आहे. इथे एका दिवसाची जिवंत पिल्लंच पोस्टाने येतात, १९१८ पासून. पिल्लू फुटायच्या आधी उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यावर ते तीन दिवस काही न खाता-पिता तगतं. पोस्टाचा नियमही ७२ तासांचाच आहे. सकाळी सहाला पोस्टातून फोन येतो, तुमचं पार्सल ओरडतंय, लवकर या. पहिल्यांदा फोन आला तेव्हा बायकोला वाटलं कुणीतरी टिंगल करतंय.

विकणाऱ्यांसाठी इथे सरकारची एक योजना आहे, एनपीआयपी, १९३५ पासूनची. कळपाची तपासणी करून प्रमाणपत्र मिळतं, बहुतेक राज्यांत दुसऱ्या राज्यातली अंडी घ्यायची तर ते लागतंच. मुळात पांढऱ्या हगवणीसाठी (पिल्लांचा जीवघेणा रोग) सुरू झाली.

खुडूक | २९ एप्रिल, २०:०१

पार्सल ओरडतंय 😂 आमच्याकडे पार्सलवाला ओरडतो.

पाटलाची_मधली | २९ एप्रिल, २०:४०

विषय निघालाच आहे तर सांगते. कडकनाथ नाव घेतलं की आमच्या घरात अजून शांतता पसरते. २०१९ ला सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथच्या नावाने जे झालं ते आठवत असेल. पिल्लं आमच्याकडून घ्या, अंडी आम्ही चढ्या भावाने परत घेऊ. काकांनी शेड बांधलं, कर्ज काढलं. पहिले दोन महिने अंडी उचलली, मग फोन बंद. बाजारात नेली तर अंडी गावरानच्या भावापुढे जाईनात, कारण दिसायला तशीच. लोकांना वाटतं काळ्या कोंबडीचं अंडं काळं असतं.

म्हणून म्हणते, कृष्णाकाठ दादा, तुमच्या २४ पैकी ५ मध्ये फसवणूक असेल-नसेल, पण निदान तुम्ही पिल्लांसाठी घेतलीत, परत विकायच्या आशेवर नाही.

माणदेशी | २९ एप्रिल, २१:१२

पाटलाची_मधली, आमच्या गावातलीही चार घरं बुडाली त्यात. जात चांगली, धंदा वाईट.

तुमच्या मुद्द्याला धरूनच सांगतो. अंडं क्रीम रंगाचं, फार तर फिकट तपकिरी. अंड्यावरून कडकनाथ ओळखणारा अजून जन्माला यायचाय. पिल्लू काळं निघालं म्हणजे अस्सल असंही नाही, क्रॉसमध्येसुद्धा काळेपणा बराच उतरतो. चोच, जीभ, तुरा, पायाचे तळवे बघायचे आणि सहा महिने थांबायचं. पार्सलच्या अंड्यात सगळ्यात मोठा धोका हाच. फुटलं की नाही ते २१ दिवसांत कळतं, काय फुटलं ते सहा महिन्यांनी.

वडाची_पारंबी | २९ एप्रिल, २१:३०

धोनीने पण मध्य प्रदेशातल्या झाबुआहूनच कडकनाथ मागवले होते ना?

गुरांचा_डॉक्टर | २९ एप्रिल, २२:०५

मागवले होते. २०२१ च्या जानेवारीत बर्ड फ्लू आला आणि ती ऑर्डर रद्द झाली. झाबुआच्या कडकनाथला २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं आणि मागणी एकदम चढली, तेव्हापासून प्रत्येक काळी कोंबडी "झाबुआची" झाली आहे.

बर्ड फ्लूवरून एक गोष्ट. २००६ ला नवापूरला तो देशात पहिल्यांदा निघाला तेव्हा मी नोकरीत होतो. त्या भागातून एक अंडं बाहेर जाऊ नये म्हणून नाके बसले होते. २०२१ ला परभणीच्या मुरुंब्याला आला तेव्हाही तेच. बातमीत जवळपासच्या गावाचं नाव दिसलं की अंडी मागवायची नाहीत, पाठवायची नाहीत.

शिवाय पांढरी हगवण आणि मायकोप्लाझ्मा (श्वासाचा जुनाट रोग) अंड्यातून आईकडून पिल्लात येतात. तेव्हा पार्सलची पिल्लं घरच्या कोंबड्यांत लगेच सोडू नका, महिनाभर वेगळी ठेवा. मरेक (पाय लुळे पाडणारा रोग) अंड्यातून येत नाही, पण त्याची लस पहिल्याच दिवशी द्यावी लागते. हॅचरीतल्या पिल्लाला ती मिळालेली असते, घरी उबवलेल्याला बहुतेक मिळत नाही. लासोटा (राणीखेत रोगाची लस) तरी सातव्या दिवसाच्या आत डोळ्यात घाला.

नांगरट | ३० एप्रिल, ०८:१५

एवढा उपद्व्याप कशाला? शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुण्यात, कोल्हापुरात, संभाजीनगरला, नागपूरला आहेत. नाव नोंदवा, एक दिवसाची पिल्लं घ्या, लस टोचलेली. वाईहून कोल्हापूर किती लांब? गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींतलं जे मिळेल ते घ्या. अंडी भरपूर, वजन चांगलं.

कृष्णाकाठ | ३० एप्रिल, ०९:००

नांगरट भाऊ, पटतंय. पण वनराज बघून तशी छाती भरून येत नाही, काय करू?

माणदेशी | ३० एप्रिल, ०९:०४

हे खरं उत्तर. बाकी सगळा हिशेब आपण बायकोसाठी करतो.

सात्त्विक_सात्त्विक | ३० एप्रिल, १०:२२

मुक्या जीवांना खोक्यात घालून शेकडो मैल पाठवायचं आणि मग २४ पैकी ५ म्हणून रडायचं. वाचून वाईट वाटलं.

आंबोळी | ३० एप्रिल, १०:५०

सात्त्विक, तुम्ही लिहिलंय ते अगदीच चूक नाही. माझ्याही मनात ते येतं, विशेषतः खोलीभर पिल्लांपैकी नर वेगळे काढायची वेळ येते तेव्हा. पण धागा अंड्यांचा आहे, तिकडे वळला तर परत यायचा नाही.

लाल_तुरा, एक विचारायचं राहिलं. तुम्ही पाठवलेल्या अंड्यांतून घरी ठेवलेल्या अंड्यांइतकी पिल्लं निघतात का, हे कधी बघितलंय?

लाल_तुरा | ३० एप्रिल, १३:४०

ताई, खरं सांगू? नाही बघितलं. पाठवली की सुटलो. पण कल्पना चांगली आहे. एकाच दिवशीची अर्धी अंडी स्वतःकडे लावायची, अर्धी पाठवायची. माझ्याकडे फुटली आणि तुमच्याकडे नाही, तर माझं अंडं सुटलं. माझ्याकडेही नाही फुटली तर मी पैसे परत करायचे आणि नराला कापायचं.

गुरांचा_डॉक्टर | ३० एप्रिल, १४:१०

आंबोळी ताईंनी दोन ओळींत प्रयोगशाळा उभी केली. कृष्णाकाठ, तुमच्या विकणाऱ्याला हेच सुचवा. पावसाळा सुरू झाल्यावर. आणि या वेळी खोक्यात एखादं फुटलेलं आलं तर टाकू नका, त्याचाच बलक बघा, नर लागला होता की नाही ते तिथेच कळेल.

कृष्णाकाठ | ३० एप्रिल, १४:२६

मागच्या वेळच्या दोन फुटलेल्यांपैकी एक जेमतेम तडकलेलं होतं. ते मेहुण्याने ऑम्लेट करून खाल्लं. चौकशी करतो त्याच्याकडे.

खुडूक | ३० एप्रिल, १४:३०

पुरावा नष्ट 😂

कृष्णाकाठ | १६ ऑगस्ट, २०:१५

धागा खणून वर काढतोय, माफ करा. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

विकणाऱ्याला जूनमध्ये फोन केला. आधी जरा तापला, मग म्हणाला, पार्सलचे पैसे तुम्ही द्या, बारा अंडी मी तशीच पाठवतो, आणि त्याच दोन दिवसांतली बारा इथे लावतो. जुलैच्या मध्यावर पाठवली. तीच ट्रॅव्हल्स, फक्त खोक्यावर माणदेशींचं वाक्य, इंजिनपासून लांब. पाऊस धो धो होता, खोकं भिजून आलं, पण हाताला गार. मेहुण्याला या वेळी एसटीने पाठवलं, मांडीवर घेऊन ये म्हटलं. अजून रुसलाय.

एक फुटलं होतं. बलक बशीत काढून बघितला : मधोमध ठिपका आणि भोवती कडं, बारीक बांगडीसारखं. म्हणजे नर लागला होता. उरलेली अकरा तांदळाच्या डब्यात टोक खाली करून चोवीस तास ठेवली. बायको म्हणाली, भात लावायचाय. त्या दिवशी भाकरी खाल्ली.

नशिबाने आमची एक भुरी गावरान त्याच आठवड्यात खुडूक बसली. सहा अंडी तिच्याखाली, पाच मशीनमध्ये. आकडे असे:

त्याच्या घरी १२ पैकी १०.
भुरीखाली ६ पैकी ५.
मशीनमध्ये ५ पैकी २, आणि ती दोन पुन्हा १९ व्या दिवशी रात्री.

१९ वा दिवस दिसला तेव्हा डॉक्टरांचे शब्द आठवले. मुलाच्या तापाचा थर्मामीटर काढला, मशीनमध्ये अंड्याशेजारी ठेवला. डिस्प्लेवर ३७.७. थर्मामीटरवर १०२. तीनदा बघितलं. डॉक्टर, मशीनला १०२ ताप होता, आणि एप्रिलपासून असणार.

भुरीची पाच बरोबर २१ व्या दिवशी आली. फोडून बघितलेल्या मशीनमधल्या तिनांपैकी दोनांत पूर्ण पिल्लू होतं, मेलेलं. ते बघवलं नाही.

विकणाऱ्याला फोन करून सांगितलं. तो एवढंच म्हणाला, मैंने बोला था ना भाई. मग मागच्या वेळच्या उन्हाबद्दल त्यानेही स्वतःहून कबूल केलं, एप्रिलात पाठवायला नको होती.

खुडूक | १६ ऑगस्ट, २०:२२

थांबा थांबा, थर्मामीटर शोधते.

गुरांचा_डॉक्टर | १६ ऑगस्ट, २०:४०

भुरीला माझ्याकडून मूठभर ज्वारी. मशीनमध्ये तापमान दुरुस्तीची सोय असते, माहितीपुस्तकात बघा, डिस्प्लेचा आकडा सव्वा अंशाने वर ओढावा लागेल. आणि ती सात पिल्लं महिनाभर वेगळीच राहू द्या.

माणदेशी | १६ ऑगस्ट, २०:४४

पॅरासिटामॉल द्या मशीनला.

खुडूक | १६ ऑगस्ट, २१:३५

१०१.४. तीस अंड्यांची क्षमा कुणाकडे मागू? इडलीचं पीठ एवढं का फुगायचं तेही आज कळलं.

आंबोळी | १६ ऑगस्ट, २१:५०

कृष्णाकाठ, सातांत नर किती?

कृष्णाकाठ | १६ ऑगस्ट, २२:०३

कळायला अजून दीड-दोन महिने आहेत. पण दोघं आत्ताच एकमेकांसमोर मान ताठ करून उभी राहतात, आणि मेहुणा त्यांच्याकडे बघून आवंढे गिळतो.